खोकताना किती?

४ तारीख, बुधवार

गाठ साधी निघाली! साधी, साधी, साधी! तीनदा लिहिलं, कारण तीन शिट्ट्या म्हणजे सामना संपला.

काल माझ्या उजव्या बरगड्यांच्या फटींत तीन भोकं पाडून, दुर्बीण घालून फुफ्फुसातली गाठ काढली. मी बेशुद्ध असतानाच ती तपासून झाली आणि मोठे सर्जन बाहेर येऊन हिला म्हणाले, "जुन्या कुठल्या तरी आजाराची खूण आहे. कॅन्सर नाही." ते ऐकून आमची ही भिंतीला टेकली आणि शेजारच्या अनोळखी बाईच्या डब्यातलं बिस्किट उचलून खाल्लं. त्या बाईनं दुसरंही दिलं म्हणे.

हे मी माझ्या पंचाच्या वहीत लिहितोय. तळहाताएवढी, खिशात मावणारी. एकतीस वर्षं शाळाशाळांच्या फुटबॉल सामन्यांचे गोल आणि कार्डं मी असल्याच वह्यांत टिपली, आणि एकही आकडा कधी खोटा लिहिला नाही. दुसरी एक वही इस्पितळानं दिली आहे. ती छापील, नुसत्या चौकोनांची. तिच्यात गप्पा मारायला जागा नाही.

त्या छापील वहीची भानगड अशी. भूल देणाऱ्या विभागात एक छोटी डॉक्टर आहे, माझ्या मुलीच्या वयाची. अशा दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर छातीचं दुखणं कोणत्या रीतीनं जास्त थांबतं, याचा ती अभ्यास करते आहे. जुन्या रीतीत सर्जन काम संपवता संपवता आतूनच बरगड्यांच्या फटींत इंजेक्शनं देतात. नव्या रीतीत सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत पाठीच्या स्नायूखाली सुई घालून औषध सोडतात. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी काढून ठरतं आणि चिठ्ठी बंद पाकिटात राहते. इंजेक्शन देणारे वेगळे, विचारणारी ती वेगळी, म्हणजे माझं काय झालंय ते मलाही माहीत नाही आणि तिलाही. मी फक्त रोज तीनदा तीन आकडे लिहायचे. पडून असताना किती दुखतं, खोल श्वास घेताना किती, खोकताना किती. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही.

चाळीस माणसं झाली की अभ्यास पुरा. मी एकोणचाळिसावा. शेजारच्या खाटेवरचे घड्याळदुरुस्तीवाले चाळिसावे. त्यांना मी घड्याळजी म्हणतो.

सर्जनना सगळ्यात आधी एकच विचारलं. बावीस तारखेच्या रविवारी माझ्या नातीच्या, भिंगरीच्या शाळेचा अंतिम सामना आहे. ती गोलकीपर. शाळेनं ठरवलंय की पहिली शिट्टी तिच्या आजोबांनी वाजवायची. वाजेल का? ते म्हणाले, "फुफ्फुस पूर्ण फुगलं तर का नाही वाजणार? पण ते तुमच्या खोकण्यावर आहे. खोका, श्वास घ्या, चेंडू उडवा."

चेंडू! प्लॅस्टिकच्या डब्यात तीन निळे चेंडू असतात, नळीतून श्वास आत ओढला की एकेक वर चढतो. जगात माझ्यासाठी याहून योग्य यंत्र नसेल. आज अर्धा चेंडू चढला.

पडून ३, श्वास ५, खोकताना ७. दोन्ही वह्यांत तेच.

५ तारीख, गुरुवार

आज सकाळी मी डोळे मिटून पडलो होतो, तेवढ्यात माझ्याच खाटेच्या पायथ्याशी मोठे सर्जन छोट्या डॉक्टरला म्हणाले, "बघू तुझ्या त्या पाठीतल्या सुईचं काय होतंय. माझ्या हातची इंजेक्शनं वीस वर्षं चालली आहेत." आणि हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मी एक डोळा किलकिला केला, तर ती पेनाचं टोपण काढत आणि लावत होती.

मला काय झालं सांगता येत नाही. गाठ साधी निघाल्यापासून मला सगळ्या जगाला काही ना काही द्यावंसं वाटतंय. काल सफाईवाल्या बाईंना माझं सफरचंद दिलं, त्यांनी ते "तुमचंच आहे" म्हणत परत ठेवलं. आणि ही पोर तर रोज सकाळी माझी उशी सरळ करून जाते.

मग मी हात मागं नेऊन पाठ चाचपली. मणक्याच्या उजव्या बाजूला, खाली, चिकटपट्टी! म्हणजे मी नव्या रीतीचा! म्हणजे मी तिच्या संघात!

ती आली. "काका, खोकताना किती?"

"दोन," मी म्हणालो.

छापील वहीत लिहिलं: पडून १, श्वास २, खोकताना २. इथं खरं लिहितो, कारण ही वही माझी आहे: ३, ५, ८. सिस्टर दुखण्याची जादा गोळी घेऊन आल्या, तीही नको म्हणालो. दोन दुखणाऱ्या माणसानं गोळी घेतली तर संशय येणार.

एक गंमत. मी "दोन" म्हणालो तेव्हा ही डॉक्टरच्या मागं उभी होती आणि तिनं पिवळा रुमाल डोक्याच्या वर धरला होता. वारा घेत असेल. फार उकडतं तिला. मी सिस्टरना पंखा वाढवायला सांगितला.

६ तारीख, शुक्रवार

आज घरी सोडणार होते, सोडलं नाही. छातीतली नळी अजून आहे, तिची बाटली खाली जमिनीवर बुडबुडते. चेंडू अर्ध्यावर येऊन खाली बसतो. उद्या चढेल.

घड्याळजींबद्दल लिहायलाच हवं. हा माणूस सूक्ष्म कामातला, मनगटी घड्याळाचा स्प्रिंग चिमट्यानं उचलणारा, पण दुखण्याच्या बाबतीत नगारा आहे.

"काका, खोकताना किती?"

"नऊ! लिहा, नऊ! आणि साडेनऊला जागा असेल तर साडेनऊ लिहा!"

मग गोळी मागतो, गोळी घेतो, अर्ध्या तासानं उशी छातीशी कवटाळून असा खोकतो की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि पुढं बसून तिन्ही चेंडू डब्याच्या टाळूला लावतो. तिन्ही! मग अंडं आणि पाव खातो आणि घोरतो. रडून रडून नऊ म्हणायचं आणि खायचं तिघांचं. जुन्या रीतीचा भिडू, दुसरं काय. आतल्या आत मला बरं वाटलं, कारण त्याचे नऊ म्हणजे आमचे गुण.

दुपारी त्यानं गोष्ट सांगितली. एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं, म्हणे रोज दहा मिनिटं पुढं जातं. यानं ते नीट केलं. आठ दिवसांनी तोच माणूस भांडायला आला. का? तर तो रोज दहा मिनिटं उशिरा निघून वेळेवर पोचायचा आणि आता साहेब ओरडतो. मी हसलो आणि हसता हसता मेलो. हसताना किती, याला छापील वहीत चौकोन नाही. असता तर तिथं मी खरंच लिहिलं असतं, कारण खोटं लिहायला भानच राहिलं नसतं.

ही हसली नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती. मी खाटेचा कठडा धरला होता. हात अंमळ पांढरा पडला होता, इतकंच.

संध्याकाळी डॉक्टर आली, मी "एक" म्हणालो, आणि परत रुमाल वर. पंखा तर तीनवर आहे! तिचं रक्त तपासून घ्यायला हवं.

खरे: ४, ६, ८.

७ तारीख, शनिवार

ताप. शंभरच्या वर. एक्स-रे काढला. फुफ्फुसाचा खालचा भाग मिटलेलाच आहे, ओल्या फुग्यासारखा चिकटून बसलाय. खोकून कफ निघाला नाही तर तिथं जंतू बसतील, असं सर्जन म्हणाले. मी बावीस तारखेची आठवण करून दिली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "शिट्टीचं नंतर बघू. आधी फुफ्फुसाला श्वास घेऊ द्या."

छोटी डॉक्टर माझी छापील वही उघडून बराच वेळ उभी होती. "काका, मला कळत नाही. आकडा दोन आहे. दोन दुखणारा माणूस खोकतो. तुम्ही का खोकत नाही?"

"खोकायची गरजच वाटत नाही," मी म्हणालो. "सुंठीवाचून खोकला गेला."

ती हसली नाही. ती हसेल असं वाटलं होतं. ही दाराशी होती आणि तिचा हात वर होता.

मला वाईट वाटलं, पण आता मागं फिरायचं कसं? एकोणचाळिसाव्या मिनिटाला खेळाडू मैदान सोडत नाही. आणि दुखणं काय, ते हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. माझी मुंगी जरा लंगडी आहे.

अजून एक. सिस्टर घड्याळजींचे कपडे बदलत होत्या तेव्हा त्याची पाठ दिसली. मणक्याच्या उजव्या बाजूला, खाली, चिकटपट्टी. अगदी माझ्यासारखी. तो जुन्या रीतीचा असून? मी विचार केला आणि उत्तर सापडलं. त्याला पाठीवर गळू झालं असणार.

८ तारीख, रविवार

आजचं सगळं लिहितो.

सकाळी भिंगरी आली. गोलकीपरचे हातमोजे घालूनच आली, म्हणाली बसमध्ये काढले तर नशीब जातं. खिशातून माझी शिट्टी काढली. "आजोबा, सराव कर. हळू वाजव, सिस्टर ओरडतील."

मी शिट्टी तोंडात धरली. श्वास घ्यायला गेलो आणि बरगडीत कोणीतरी कुलपात किल्ली फिरवावी तसं झालं. शिट्टीतून नुसती हवा आली. फुस्स. चहाच्या किटलीलाही लाज वाटावी असा आवाज.

"खूप दुखतं?" भिंगरीनं विचारलं.

"छे! एक. फार तर दीड."

भिंगरीनं माझ्या डोक्यावरून पलीकडं बघितलं. "आजी ऑफसाइड का देतेय?"

मी मान वळवली. ही खिडकीपाशी उभी होती. पाठ ताठ, हात सरळ वर, हातात पिवळा रुमाल. लाइनमन असाच उभा राहतो. अगदी असाच.

"चार दिवस," ही म्हणाली. "चार दिवस झाले हात वर करून. खांदा गेला माझा. एकतीस वर्षं तुम्हाला मैदानाच्या पार टोकाच्या माणसाचं निशाण दिसत होतं, आणि बायको चार फुटांवर उभी आहे तर पंखा वाढवता!"

"तू मला खोटारडा म्हणतेस?"

"मी गणिताची बाई आहे. दोन दुखणारा माणूस कठडा वाकवत नाही. आता त्या पोरीला तुम्ही सांगता का मी सांगू?"

घड्याळजी उठून बसले होते. असा सामना फुकट कुठं बघायला मिळतो?

छोट्या डॉक्टरला बोलावलं. मी सगळं सांगितलं. सर्जनचं हसणं ऐकलं ते, पाठीवरची चिकटपट्टी, तिचा संघ, माझे दोन. खिशातली वही काढून खरे आकडे दाखवले, वेळेसकट. मला वाटलं तिचे डोळे भरून येतील. कोणासाठी कोणी इतकं सोसतं का?

ती रागावली. इतकी रागावली की तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"काका, तुम्हाला वाटलं मला जिंकायचंय? मला कळायचंय! उद्या ही सुई शंभर माणसांच्या पाठीत जाईल, ती तुमच्या दोनवर विश्वास ठेवून! आणि चिकटपट्टी सगळ्यांनाच लावतो आम्ही, पाठीवर. सगळ्यांना. कोणाला काय दिलंय ते कळू नये म्हणून!"

मी घड्याळजींकडं बघितलं. म्हणजे गळू नव्हतं.

"खरं सांगा आता. खोकताना किती?"

"आठ," मी म्हणालो. "आज नऊ." आणि ते म्हणताना मला रडू आलं. लाज वाटत नाही लिहायला. चार दिवस धरून ठेवलेला श्वास होता तो.

ही माझ्या जवळ आली आणि तिनं रुमाल खाली केला.

मग डॉक्टर म्हणाली, दुखणं थांबवायला आता दुसरं इंजेक्शन द्यायला हवं, पण आधीचं औषध कुठं आणि किती गेलंय ते कळल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे पाकीट उघडावं लागणार. मोठ्या भूलतज्ज्ञांना फोन झाला, ते पाकीट घेऊन आले, मोठे सर्जनही आले. पाकीट फाटलं. चिठ्ठी वाचली.

जुनी रीत.

मी जुन्या रीतीचा! पहिल्यापासून! ज्या संघासाठी कठडा धरून दात आवळत होतो, तो माझा संघच नव्हता. दोन, दोन, एक, दोन, सगळे गोल मी तिच्याच जाळीत मारत होतो! चार दिवस!

मग घड्याळजींच्या खाटेवरून असा आवाज आला की कुलूप तुटावं. ते हसत होते. उशी छातीशी आवळून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होते. "स्वयंगोल!" ते ओरडले. "एकोणचाळिसाव्या मिनिटाला स्वयंगोल! अरे देवा, दहा! डॉक्टर, दहा लिहा! हसवू नका हो!" भिंगरी हातमोज्यांनी तोंड दाबत होती. मोठे सर्जन भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आणि मग छोटी डॉक्टर, जी अजून रागावलेलीच होती, तीही हसली. मीही हसलो. फार दुखलं. नऊ, आणि वर थोडं.

दुपारी मोठ्या भूलतज्ज्ञांनी मला कुशीवर वळवलं आणि पडद्यावर बघत पाठीच्या स्नायूखाली सुई घातली. नवी रीत. थंड काहीतरी पसरत गेलं. वीस मिनिटांनी डॉक्टरनं उशी दिली. "खोका."

मी खोकलो. मनापासून, बेंबीच्या देठापासून. काय निघालं ते लिहीत नाही, पण चार दिवसांचा साठा होता.

"किती?"

मी नीट विचार केला. "तीन."

मी हिच्याकडं बघितलं. हात खाली.

९ तारीख, सोमवार

दोन चेंडू! दुपारनंतर अडीच!

डॉक्टरला म्हणालो, "बघा, एकाच माणसावर दोन्ही रीती. नऊचे तीन झाले. तुमचा केवढा मोठा गोल."

"तो धरत नाहीत," ती म्हणाली. "पाकीट उघडल्यावरचं काहीच धरत नाहीत."

"शिट्टीनंतरचा गोल?"

"शिट्टीनंतरचा गोल."

नियम म्हणजे नियम. मला फार आवडली ती. माझं काय करणार ते तिनं स्पष्ट सांगितलं. अहवालात लिहिणार, की एकोणचाळिसाव्या रुग्णानं आकडे खोटे सांगितले. सोबत माझ्या वहीच्या पानांच्या प्रती जोडणार, आणि काय धरायचं काय सोडायचं ते समिती ठरवणार. मी म्हणालो, नाव लिहा हवं तर. ती म्हणाली नाव लिहीत नाहीत, नुसता क्रमांक. मी स्वतःला पिवळं कार्ड दिलं. ते इथं चिकटवलंय, गोळ्यांच्या खोक्याचा तुकडा आहे.

घड्याळजींना विचारलं, तुमचे नऊ खरे होते का? ते दुखावले. "खरेच! दुखलं की सांगायचं, औषध घ्यायचं, खोकायचं. त्याच्यासाठी तर आलोय इथं. तुम्ही काय घड्याळ बंद पडलं की त्याच्याशी अबोला धरता?"

११ तारीख, बुधवार

नळी निघाली. ताप नाही. घर. घरच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, हे आज पहिल्यांदा कळलं. पायऱ्या चढताना चार. हिनं विचारण्याआधीच सांगितलं.

१६ तारीख, सोमवार

तीन चेंडू! तिन्ही! दोनदा! खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या. सर्जननी परवानगी दिली. एकच शिट्टी, उभ्यानं, धावायचं नाही. घड्याळजींना फोन केला, ते म्हणाले सामन्याला येतो, उशी घेऊन.

२२ तारीख, रविवार

मैदान ओलं होतं. गोलच्या जाळीला एका कोपऱ्यात दोरी बांधून भोक बुजवलेलं. भिंगरी खांबाला दोनदा लाथ मारून जागेवर उभी राहिली. घड्याळजी बाकावर, मांडीवर उशी. ही बाजूच्या रेषेपाशी, हातात पर्स.

मी मध्यवर्तुळात उभा राहिलो. श्वास घेतला. खाली कोपऱ्यापर्यंत गेला तो, जिथं इतके दिवस दार बंद होतं. शिट्टी वाजली. पहिल्यासारखी नाही, जरा बारीक, शेवटी थरथरली. पण पलीकडच्या गोलखांबापर्यंत ऐकू गेली, कारण भिंगरीनं हात हलवला.

रेषेबाहेर येतोय तोच खिशातला फोन वाजला. छोटी डॉक्टर. तिसऱ्या आठवड्याचे आकडे विचारायचे होते. मंगळवारी विचारायचे, पण दोन दिवस इकडंतिकडं चालतात, आणि आज सामना आहे हे तिला माहीत होतं. माझे आता धरणार नाहीत, तरी ती विचारणारच, कारण यादीत एकोणचाळीस आहे.

"काका, पडून असताना किती?"

"शून्य."

"खोल श्वास?"

"एक."

"खोकताना किती?"

"एक," मी म्हणालो, आणि सवयीनं हिच्याकडं बघितलं. रेषेवर पिवळा रुमाल सावकाश वर चढत होता.

"दोन," मी म्हणालो. रुमाल तिथंच.

"तीन." रुमाल खाली गेला.

डॉक्टर पलीकडं हसत होती. "आणि शिट्टी वाजवताना?"

"असा चौकोन कुठाय?"

"मी आखलाय. तुमच्यापुरता."

या वेळी मी कुणाकडं बघितलं नाही. तिकडं भिंगरीनं पहिला चेंडू पोटाशी धरला होता आणि सगळी शाळा ओरडत होती. "पाच," मी म्हणालो. "चांगले पाच."

मग बघितलं. रुमाल वर नव्हता. ही त्यानं डोळे पुसत होती, आणि दुसऱ्या हातानं घड्याळजींनी पुढं केलेलं बिस्किट खात होती.